सव्वाशे डॉलर आणि एक तंबू : स्ट्रॅटफर्डच्या नाट्योत्सवाची गोष्ट

'महोत्सव' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. आंब्यापासून पतंगापर्यंत कशाचाही महोत्सव भरतो. चार दिवस ध्वनिवर्धक गर्जतात, मांडव उतरतो, आणि गावात मागे उरतो तो बहुधा कचरा. अशा दिवसांत एका नाट्योत्सवाने एक गाव तारले असे कोणी म्हटले, तर ऐकणारा मनातल्या मनात त्यातला निम्मा भाग वजा करील. आम्हीही तसाच वजा करून पाहिला. तरीही कॅनडातल्या स्ट्रॅटफर्ड गावाच्या बाबतीत जे शिल्लक राहते ते विचार करण्याजोगे आहे. समाजाने रंगभूमीला आश्रय द्यायचा तो कोणत्या नात्याने, रसिक म्हणून, गिऱ्हाईक म्हणून की जामीनदार म्हणून, हा प्रश्न या गावाने सत्तर वर्षांत अनेकदा सोडवला आणि अनेकदा पुन्हा उभा केला.

ओंटारिओ प्रांतात, टोरोंटोच्या पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरांवर हे गाव आहे. वसाहतकारांनी त्याला शेक्सपिअरच्या जन्मगावाचे नाव दिले आणि शेजारून वाहणाऱ्या नदीला एव्हन म्हटले. पुढे वॉर्डांना हॅम्लेट, रोमिओ, फॉल्स्टाफ अशी नावे पडली. ही हौस नावांपुरतीच होती. गावाचे पोट भरत होते ते रेल्वेवर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रँड ट्रंक रेल्वेने येथे वाफेच्या इंजिनांच्या दुरुस्तीचा प्रचंड कारखाना उभारला; १९२३ मध्ये तो कॅनेडियन नॅशनल या सरकारी रेल्वेकडे आला. जोडीला फर्निचरचे कारखाने होते. १९३३ साली त्या कारखान्यांतल्या कामगारांचा संप इतका चिघळला की सरकारने लष्कर बोलावले. म्हणजे हे कोणी रसिकांचे नंदनवन नव्हते. तेलाने काळे झालेले हात, भोंग्यावर चालणारा दिवस आणि रविवारी चर्च, असे हे गाव.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९१३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला नदीकाठावरून आपला मार्ग न्यायचा होता. ज्या गावाचे अन्नच रेल्वेवर चालते, तेथे अशा प्रस्तावाला विरोध व्हावा ही नवलाची गोष्ट. पण टॉम ऑर नावाच्या गृहस्थाने विरोध उभा केला, प्रश्न मतदानाला गेला, आणि नागरिकांनी लोहमार्गाऐवजी नदीकाठ निवडला. तेथे पुढे बागा झाल्या. चाळीस वर्षांनी नाटकाचा तंबू उभा राहिला तो याच नदीकाठच्या उद्यानात. उत्सवाचा इतिहास सांगणारे सहसा १९५२ पासून सुरुवात करतात. आमच्या मते त्याची पहिली ओळ या मतदानात आहे. उपयुक्ततेपुढे मान न तुकवण्याची थोडी सवय या गावाला आधीपासून होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर रेल्वे वाफेवरून डिझेलकडे वळू लागली. वाफेची इंजिनेच उरली नाहीत तर ती दुरुस्त करणारा कारखाना किती दिवस टिकणार? हे गणित गावातल्या शाळकरी पोरालाही कळत होते. याच गावचा टॉम पॅटरसन (जन्म १९२०) युद्धावरून परतून टोरोंटोत नगर-प्रशासनविषयक एका नियतकालिकात नोकरी करत होता. पाणीपुरवठा आणि सांडपाणी हे त्याच्या लेखनाचे विषय. नाटकाचा अनुभव म्हणावा तर जवळजवळ शून्य. परंतु गावाला शेक्सपिअरच्या गावाचे नाव आहे, नदी आहे, बाग आहे, तर येथे शेक्सपिअरच्या नाटकांचा उन्हाळी उत्सव का होऊ नये, ही कल्पना त्याच्या डोक्यात पोरवयापासून होती.

१९५२ च्या आरंभी तो गावच्या नगरपरिषदेपुढे उभा राहिला. लॉरेन्स ऑलिव्हिए त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये नाटक करत होते. त्यांना भेटून सल्ला विचारण्यासाठी त्याने प्रवासखर्च म्हणून शंभर डॉलर मागितले. परिषदेने सव्वाशे मंजूर केले. ऑलिव्हिए काही भेटले नाहीत. ही गोष्ट पुढे दंतकथा होऊन बसली, आणि दंतकथेत भाबड्या तरुणाचे कौतुक तेवढे उरले. आम्हांस मात्र त्या वरच्या पंचवीस डॉलरांचे अधिक आश्चर्य वाटते. नगरपरिषदांचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे: शंभर मागावे तेव्हा पन्नास मिळतात, तेही पुढच्या सभेत. येथे मागितल्याहून अधिक मिळाले. गाव घाबरलेले होते हे त्याचे एक कारण असेल. पण घाबरलेली गावे सहसा नवा कारखाना मागतात. नाटकाच्या नावाने पैसे देताना त्या सभासदांनी जो हिशेब मांडला असेल, त्यात थोडी निराशा होती, थोडा गावाचा अभिमान होता आणि थोडे धाडसही होते.

रिकाम्या हाताने परतलेल्या पॅटरसनला योग्य नाव सुचवले ते टोरोंटोतल्या नाट्यकर्मी डोरा मेव्हर मूर यांनी. टायरन गथ्री हे ते नाव. इंग्लंडातल्या ओल्ड विक या नाट्यसंस्थेतून नावारूपाला आलेले हे दिग्दर्शक आयर्लंडमधल्या आपल्या घरी होते. पॅटरसनने समुद्रापारून दूरध्वनी केला आणि १९५२ च्या जुलैत गथ्री स्ट्रॅटफर्डला येऊन थडकले. त्यांनाही या आडगावची गरज होती, हे सांगितल्यावाचून कथा पुरी होत नाही. कमानी रंगमंचाला ते कंटाळले होते. १९३७ साली डेन्मार्कमधील एल्सिनोरच्या किल्ल्यात त्यांचा हॅम्लेटचा प्रयोग व्हायचा होता; ऐन वेळी पाऊस कोसळला आणि प्रयोग हॉटेलच्या दिवाणखान्यात, भोवताली प्रेक्षक बसवून करावा लागला. नाइलाजाच्या त्या मांडणीत त्यांना काहीतरी गवसले. १९४८ मध्ये एडिंबरोच्या चर्च-सभागृहात त्यांनी एक जुने स्कॉटिश नाटक प्रेक्षकांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या मंचावर करून पाहिले. मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही; तमाशा असो वा दशावतार, प्रेक्षक नटाला वेढूनच बसत आले. युरोपच्या प्रतिष्ठित रंगभूमीला मात्र तो मार्ग विसरून दोन-तीन शतके झाली होती. जुन्या नाट्यगृहांच्या शहरांत तो पुन्हा घालून देणे अवघड होते. स्ट्रॅटफर्डमध्ये नाट्यगृहाची परंपराच नव्हती, त्यामुळे मोडायचे असे काही नव्हते.

गथ्रींनी गावकऱ्यांच्या समितीला स्पष्ट सांगितले की यातून लवकर पैसा निघेल या भ्रमात राहू नका, आणि करायचे तर उत्तमच करा. शीतपेयांचा कारखाना चालवणारे हॅरिसन शोवॉल्टर या समितीचे अध्यक्ष होते. सभासद दुकानदार, कारखानदार, वकील, गृहिणी असे. त्यांना सोपा मार्ग मोकळा होता. शाळेच्या पटांगणावर हौशी मंडळींचे दोन प्रयोग लावले असते, तरी गावाची हौस भागली असती आणि कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी तो घेतला नाही. आपल्या गावाला झेपेल तेवढे करावे हा शहाणपणा बाजूला सारून, आपल्या गावाला जे झेपणार नाही तेच करावे असे त्यांनी ठरवले. अ‍ॅलेक गिनेस आणि आयरीन वर्थ या नामवंत नटांना बोलावणे गेले. बाकीची मंडळी मुख्यतः कॅनडातलीच हवीत हा गथ्रींचा आग्रह होता. तोपर्यंत त्या देशात अभिनयावर पोट भरायचे तर आकाशवाणीखेरीज फारसा आधार नव्हता. रंगमंचाची आखणी टान्या मोइसेविच यांनी केली: पायऱ्यापायऱ्यांचा, मधोमध खांबांवर सज्जा असलेला मंच, ज्याला पडदा नाही आणि बदलते देखावेही नाहीत.

मग पैसे संपले. १९५३ चा वसंत ऋतू म्हणजे या कथेतला खरा तिसरा अंक. उद्यानात तंबूसाठी गोलाकार खड्डा खणून काँक्रीटच्या पायऱ्या घालण्याचे काम निम्म्यावर होते, शिकागोहून यायच्या तंबूचे पैसे बाकी होते, आणि समितीची तिजोरी रिकामी. कॅनडात तेव्हा कलांना अनुदान देणारी सरकारी यंत्रणाच नव्हती. विन्सेंट मॅसी यांच्या आयोगाने १९५१ मध्ये तशी शिफारस केली होती, परंतु कॅनडा कौन्सिल स्थापन झाले ते १९५७ साली. सरकारच्या दारी जाण्याची सोय नव्हती, म्हणून भार पडला तो गावावरच. बांधकामाचे कंत्राटदार ऑलिव्हर गॅफ्नी यांना पैसे मिळण्याची खात्री उरलेली नसतानाही त्यांनी काम थांबवले नाही. वर्गण्या फिरल्या, देणग्या आल्या, आणि खड्डा पुरा झाला. तंबू घेऊन आलेल्या स्किप मॅन्ली या तंबूवाल्याने गावकऱ्यांना हाताशी धरून अवाढव्य कापड उभारले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. कलेचा इतिहास आपण कलावंतांच्या नावांनी लिहितो. गथ्री, गिनेस, मोइसेविच ही नावे ग्रंथांत आहेत, आणि असायलाच हवीत. परंतु ज्या माणसाने पैशांची हमी नसताना काँक्रीट ओतणे चालू ठेवले, तो त्या वेळी प्रेक्षक नव्हता, कलावंत नव्हता, आश्रयदाताही नव्हता. सावकारी भाषेत बोलायचे तर तो जामीन राहिला होता. नाटक पडले असते तर गिनेस लंडनला परतले असते, गथ्रींना दुसरे काम मिळाले असते. बुडाले असते ते गॅफ्नी, शोवॉल्टर आणि त्यांचे शेजारी. 'समाजाचा सहभाग' हा शब्दप्रयोग आज प्रत्येक अर्जात लिहावा लागतो. त्याचा अर्थ असा कोणीतरी खऱ्या अर्थाने बुडू शकण्यात असतो, याची आठवण या उन्हाळ्याने ठेवली आहे.

१३ जुलै १९५३ च्या रात्री 'तिसरा रिचर्ड' या नाटकाने पडदा नसलेल्या त्या रंगमंचावर आरंभ झाला. जोडीला 'ऑल्स वेल दॅट एण्ड्स वेल' होते, तेही आधुनिक वेशभूषेत. तंबूत उकाडा असह्य होता. गावात पुरेशी हॉटेले नव्हती; लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि चर्चच्या तळघरांत जेवणाच्या पंक्ती उठल्या. सुमारे १९ हजार वस्तीच्या गावात सहा आठवड्यांत जवळपास ६८ हजार प्रेक्षक आले. त्या पहिल्या संचात विल्यम हट होते, जे पुढे कॅनडाच्या रंगभूमीचे अग्रणी नट ठरले. टिमथी फिंडलीही होते, ज्यांनी पुढे नट म्हणून नव्हे तर कादंबरीकार म्हणून नाव मिळवले. एका तंबूखाली एका देशाच्या रंगभूमीची पहिली पिढी जमा झाली होती, आणि ती जमा झाली ती राजधानीत नव्हे, इंजिने दुरुस्त करणाऱ्या गावात.

चार उन्हाळे तंबूत गेल्यावर १९५७ मध्ये त्याच जागी कायमचे नाट्यगृह उभे राहिले. वास्तुकार रॉबर्ट फेअरफील्ड यांनी छपराला तंबूचाच घाट दिला. सुमारे अठराशे आसनांच्या त्या नाट्यगृहात रंगमंचापासून वीसेक मीटरांहून दूर कोणी बसत नाही. पहिल्या प्रयोगात हॅम्लेट होते ख्रिस्तोफर प्लमर. त्याच्या आदल्याच वर्षी मायकेल लँगम यांनी 'पाचवा हेन्री' बसवताना इंग्रजांच्या भूमिका इंग्रजीभाषक नटांना आणि फ्रेंचांच्या भूमिका मॉन्ट्रिअलच्या फ्रेंच नटांना दिल्या होत्या. दोन भाषांच्या दुराव्यावर उभ्या असलेल्या देशाने ते नाटक शेक्सपिअरच्या काळाचे म्हणून पाहिले नसावे. अभिजात नाटक कशासाठी करायचे, याचे इतके नेमके उत्तर आमच्या वाचनात क्वचितच आले आहे.

गावाला ज्याची भीती होती ते १९६४ मध्ये घडले: रेल्वेचा कारखाना बंद झाला. त्याची अवाढव्य इमारत पुढे कित्येक दशके गावाच्या मध्यभागी ओस पडून राहिली. पण तोवर गावाने दुसरी वाट धरली होती. सहा आठवड्यांचा हंगाम लांबत लांबत वसंतापासून शरदापर्यंत पसरला. एव्हन नावाचे जुने नाट्यगृह १९६३ मध्ये उत्सवाने घेतले. शाळांच्या मुलांनी भरलेल्या बसगाड्या येऊ लागल्या. ओंटारिओतल्या कित्येकांनी शेक्सपिअर प्रथम पाहिला तो येथेच. खानावळी वाढल्या, आणि हिवाळ्यात त्या ओस पडतात हे पाहून त्यांच्या मालकांनी १९८३ मध्ये स्वयंपाकाचे शिक्षण देणारी शाळाच काढली, जी थंडीच्या महिन्यांत चाले. नाटकामुळे जेवणाचा धंदा, धंद्यामुळे शाळा, अशी ही साखळी. याच एव्हन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसून २००७ च्या सुमारास गावातला एक मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रेक्षकांसमोर गिटारवर गाणी म्हणून पैसे जमवी. त्याचे नाव जस्टिन बीबर. अभिजाततेच्या अभिमान्यांनी याचा काय अर्थ लावायचा तो लावावा. गर्दी तर नाटकानेच जमवली होती.

परंतु उत्सव मोठा झाला तसे जामीनदारांचे नातेही बदलले. १९८० मध्ये हे उघड्यावर आले. कलादिग्दर्शक रॉबिन फिलिप्स यांनी पद सोडल्यावर नियामक मंडळाने चार कॅनडास्थित रंगकर्मींकडे सूत्रे सोपवली, आणि थोड्याच काळात त्यांना दूर करून इंग्लंडच्या जॉन डेक्स्टर यांना नेमले. देशभर क्षोभ उसळला. नटांच्या संघटनेने विरोध केला, मंत्र्यांनी डेक्स्टर यांना कामाचा परवाना नाकारला, आणि त्या डिसेंबरातली वार्षिक सभा वादळी ठरली. अखेर जॉन हर्श आले. ते मूळचे हंगेरीतले, ज्यूंच्या वंशसंहारात आईबाप गमावून विनिपेगमध्ये वाढलेले. वादाचा देशाभिमानी भाग कालांतराने निवला. खाली राहिला तो प्रश्न असा: हा उत्सव कोणाचा? १९५३ मध्ये असा प्रश्न कोणी विचारला नसता, कारण बुडण्याची तयारी ज्यांची, उत्सव त्यांचा, हे उघड होते. १९८० पर्यंत तो देशाची मालमत्ता झाला होता. देश मानाने मालक, गाव निर्वाहाने आश्रित आणि नियामक मंडळ कागदोपत्री धनी, अशी ती त्रिस्थळी अवस्था होती.

आश्रित हा शब्द आम्ही जाणून वापरला. एका उद्योगावर विसंबून राहण्याचा धोका ओळखूनच गाव नाटकाकडे वळले होते. कारखाने सगळे गेले असे नाही; मोटारींच्या सुट्या भागांचे उत्पादन येथे आजही होते. तरी गावाच्या मधल्या पेठेतली दुकाने, खाणावळी आणि पाहुण्यांची घरे यांचे पंचांग नाटकाच्या वेळापत्रकावर चालू लागले. २००२ मध्ये प्रेक्षकांचा आकडा सहा लाखांपुढे गेला. २००३ मध्ये टोरोंटोत सार्सची साथ आली आणि रोगाने जितके पोळले नसेल तितके भीतीने पोळले. सरकारी अनुदानाचा वाटा लहानच असल्याने सगळा भार तिकिटांवर आणि देणग्यांवर. तिकीटबारी भरण्यासाठी संगीतिकांचे प्रमाण वाढले, आणि शेक्सपिअरच्या नावाच्या उत्सवात शेक्सपिअर किती, अशी कुरकुर सुरू झाली. कुरकुर करणारे बहुधा बाहेरचे असत. पेठेतल्या माणसाला खोल्या भरल्याशी काम. त्याला आम्ही दोष देत नाही. ज्याचे घर तिकिटावर चालते त्याने अभिजाततेचे सोवळे पाळावे हे सांगण्याचा अधिकार दूर बसलेल्या लेखकांना नाही.

२०२० मध्ये करोनाच्या साथीने सबंध हंगाम रद्द झाला. उत्सवाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. नदीकाठी बांधून तयार होत आलेले नवे टॉम पॅटरसन नाट्यगृह कुलुपातच राहिले. २०२१ च्या उन्हाळ्यात थोड्या प्रयोगांसह उत्सव परतला तो मोकळ्या हवेत, वर कापडी छत ताणून. पहिल्या तंबूची आठवण निघणे स्वाभाविकच होते. २०२२ च्या मे महिन्यात नवे नाट्यगृह उघडले, आणि आरंभीचे नाटक म्हणून पुन्हा 'तिसरा रिचर्ड'च निवडला गेला. पॅटरसन स्वतः २००५ मध्येच निवर्तले होते.

या पुनरावृत्तीत समारंभाचा भाग होताच. पण छत कापडी असले म्हणजे जुना तंबू परत आला असे नाही. १९५३ मध्ये तंबू कोसळला असता तर काही कुटुंबांचा पैसा आणि गावाची पत गेली असती; आज उत्सव थांबला तर ३३ हजारांच्या गावातली कित्येक घरे थांबतात. जोखीम कमी झालेली नाही, वाटली गेली आहे. फरक इतकाच की तेव्हा ती पत्करावी की नाही हे गावाने सभेत बसून ठरवले होते, आणि आज ती जन्माने मिळते. तेथल्या एखाद्या खानावळीत हंगामापुरते काम करणाऱ्या मुलीला विचारले तर शेक्सपिअर तिला प्रिय असेलही, नसेलही. तिचे घरभाडे मात्र त्याच्यावर आहे. तिच्या आजोबांचे ते इंजिनांवर होते. नाटकावर पोट असणे हे इंजिनांवर पोट असण्याहून बरे की वाईट, याचे उत्तर स्ट्रॅटफर्ड अजून शोधते आहे. निदान उन्हाळ्याच्या संध्याकाळी, नाटक सुरू होण्यापूर्वी, लुई अ‍ॅपलबॉम यांनी १९५३ साली रचलेल्या तुताऱ्या वाजतात तेव्हा ज्या दिशेने लोक चालू लागतात, त्या दिशेला नदीकाठ आहे, आणि तो राखण्याचा निर्णय गावाने कोणाला काही फायदा दिसण्याच्या कितीतरी आधी घेतला होता.